पिल्ले आणण्याआधी खुराडा : पांढुर्णा-सौंसर भागातले परसातले कोंबडीपालन

एक दिवसाच्या पिल्लाचे वजन ३५ ते ४० ग्रॅम भरते. अशी ५० पिल्ले पुठ्ठ्याच्या एका खोक्यात आरामात मावतात आणि नागपूरहून सौंसरला ते खोके मोटारसायकलवरही आणता येते. घोटाळ्याची सुरुवात इथेच होते. खोके पाहून जागा ठरवली जाते, गोठ्याच्या कोपऱ्यात चार फळ्या ठोकून खुराडा तयार होतो आणि दोन महिन्यांत तोच खुराडा अपुरा पडतो. मग पिसे उपटणे, रक्ती हगवण, सर्दी, जमिनीवर अंथरलेल्या तुसाची कुजकी गादी हे सगळे एकामागून एक येते आणि दोष हॅचरीला दिला जातो. पाच महिन्यांनी त्या ५० पिल्लांपैकी जेवढे पक्षी उरतील, त्यांचे पूर्ण वाढलेले आकारमान धरूनच जागा ठरवावी लागते.

प्रत्येक पक्ष्यामागे पहिल्या चार आठवड्यांत अर्धा चौरस फूट, चौथ्या ते आठव्या आठवड्यापर्यंत १ चौरस फूट, पुढे अठराव्या-विसाव्या आठवड्यापर्यंत दीड आणि अंड्यावर आलेल्या कोंबडीला २ चौरस फूट जमीन लागते. वनराजासारख्या भारी अंगाच्या जातीला अडीच फूट दिलेले चांगले. म्हणजे ५० पिल्लांचा संसार २५ चौरस फुटांवर सुरू होतो आणि १०० चौरस फुटांपर्यंत जातो. दिवसभर मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांना रात्रीपुरता १ ते दीड चौरस फूट पुरतो, असे पुस्तकांत लिहिलेले असते. ते खोटे नाही. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यात त्यावर विसंबून चालत नाही. मे महिन्यात सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत कोंबडी सावली सोडत नाही. श्रावणात झड लागली की दोन-दोन दिवस ती बाहेर पडत नाही. आणि पांढुर्णा-सौंसर हा संत्र्याचा आणि कापसाचा मुलूख आहे. बागेत किंवा पऱ्हाटीत फवारणी झाली की पुढचे काही दिवस कोंबड्यांना कोंडूनच ठेवावे लागते. फवारलेले किडे टिपून कोंबड्या मरतात, शिवाय वाचलेल्या कोंबडीच्या अंड्यात औषधाचा अंश उतरण्याचा धोका असतो. तेव्हा जागेचा हिशेब या कोंडून ठेवण्याच्या दिवसांवर करावा, मोकळ्या दिवसांवर नाही.

दुसरा हिशेब नर-माद्यांचा. मिसळ पिल्ले घेतली की त्यांतली सुमारे निम्मी नर निघतात. घरच्या अंड्यांसाठी आणि थोड्या विक्रीसाठी २० कोंबड्या हव्या असतील तर ४५ ते ५० पिल्ले आणावी लागतात. वाढीच्या काळात शेकडा तीन ते पाच पिल्ले जातात, हे नीट सांभाळूनही घडते. उरलेल्या नरांपैकी दर आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर ठेवून बाकीचे विकायचे असतात. म्हणून खुराड्यावर सगळ्यात जास्त ताण येतो तो कोंबडे विकण्याच्या आधीच्या महिन्यात. तेवढा महिना कसातरी काढू, असे म्हणून लहान खुराडा बांधणारे बरेच असतात. नर एकमेकांना रक्तबंबाळ करतात तो नेमका तोच महिना.

पिल्ले कधी आणावीत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, होते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी पाऊस ओसरू लागतो आणि पिल्ले आणायला तो काळ सर्वांत सोयीचा. सप्टेंबरच्या मध्यापासून पुढे दिवसा हवा उबदार असते, त्यामुळे पहिला आठवडा गेला की दिवा बहुतेक रात्रीच लागतो. कडाक्याची थंडी सुरू होईपर्यंत पिल्ले आठ-दहा आठवड्यांची आणि पुरत्या पिसांची झालेली असतात. दिवस लहान होत जाणाऱ्या महिन्यांत वाढलेली तलंग, म्हणजे अजून अंडी न घालणारी तरुण कोंबडी, अंगाने भरते आणि घाईने अंड्यावर येत नाही. फेब्रुवारीत दिवस मोठा होऊ लागतो तेव्हा ती बावीस-चोवीस आठवड्यांची होऊन अंड्यावर येते. नरही धुळवडीच्या बाजाराला तयार असतात, आणि त्या दिवसांत गावरान कोंबड्याला मिळणारा भाव वर्षात क्वचितच मिळतो.

जुलैत आणलेल्या पिल्लांची गादी कोरडी ठेवणे जिकिरीचे असते आणि रक्ती हगवणीचा जोर तेव्हाच असतो. मार्चमध्ये आणलेली पिल्ले विजेचा खर्च वाचवतात, पण दोन महिन्यांची होऊन मे महिन्याच्या तोंडी सापडतात. डिसेंबर-जानेवारीत पारा रात्री १० अंशांच्या खाली जातो. तेव्हा पिल्ले वाढवता येतात, मात्र ऊब देण्याचा खर्च आणि वीज जाण्याची धास्ती दुप्पट होते.

कोणती जात

अंडी, मांस आणि परसातला काटकपणा या तिन्ही गोष्टी एका जातीत पुरेपूर मिळत नाहीत. मध्य प्रदेशात कडकनाथाचे नाव मोठे आहे. झाबुआ जिल्ह्यातल्या या काळ्या कोंबडीच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भाव चांगला मिळतो, उन्हाला आणि रोगाला ती तग धरते. पण वाढ हळू आणि अंडी वर्षाला शंभराच्या आसपास. शिवाय ती हलकी आणि उडाऊ असल्याने तिच्या कुंपणाला वरून जाळी हवी. जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठात कडकनाथ आणि जबलपूर कलर यांच्या संकरातून नर्मदानिधी ही परसासाठीची जात तयार झाली आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने काढलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती मध्य भारतात बऱ्याच पसरल्या आहेत; वनराजा अंगाने भरते, तर ग्रामप्रियाचा कल अंड्यांकडे. मांस लवकर हवे असेल तर वनराजा, रोज अंडे हवे असेल तर ग्रामप्रिया, आणि ग्राहक आधीच ठरलेला असेल तरच कडकनाथ, असा व्यवहारी निवाडा करायला हरकत नाही. जात कोणतीही असो, पहिल्या दिवशीची मरेक्सची लस हॅचरीतच टोचली आहे ना, हे पिल्ले घेताना विचारून घ्यावे. ती नंतर टोचून फारसा उपयोग नसतो.

घरात खुडूक बसलेली गावरान कोंबडी असेल तर सगळे सोपे होते. एका कोंबडीखाली १० ते १२ अंडी बसवावीत; २१ व्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. हॅचरीची एक दिवसाची १२-१५ पिल्लेही रात्रीच्या अंधारात तिच्या पंखांखाली हलकेच सरकवता येतात. ती बहुधा स्वीकारते. मग दिवा, तापमान, वीज या कशाचीच चिंता नाही. पण ज्याला ५० पिल्ले एकाच वयाची हवीत, त्याला कृत्रिम उबेवाचून गत्यंतर नाही.

पहिले चार आठवडे

पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा पिवळ्या बलकाचा उरलेला अंश त्याच्या पोटात असतो. त्यावर ते दोन दिवस, फार तर तीन दिवस निभावते. त्यामुळे प्रवासात खायला नसले तरी चालते. उशिरा पोचलेल्या पिल्लाला मात्र पहिले पाणी द्यायला क्षणाचाही वेळ लावू नये. खोके येण्याआधी एक दिवस दिवे लावून जागा तापलेली असावी. गार जमिनीवर सोडलेले पिल्लू पाय आखडून बसते आणि मग ना पाणी पिते ना दाणा टिपते.

जागा म्हणजे जमिनीवर दोन-तीन इंच गादी आणि भोवती दीड फूट उंचीचे गोल कडे. कडे पुठ्ठ्याचे, पत्र्याचे किंवा बांबूच्या तट्ट्याचे चालते. ते गोलच हवे, कारण चौकोनाच्या कोपऱ्यात पिल्ले एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. ५० पिल्लांना पहिल्या आठवड्यात चार फूट व्यासाचे कडे पुरते; पुढे दर तीन-चार दिवसांनी ते वाढवत न्यायचे. गादीसाठी भाताचे तूस उत्तम. भुईमुगाची टरफलेही या भागात सहज मिळतात, पण ती कोरडी आणि बुरशी नसलेलीच घ्यावीत. बुरशीच्या धुळीने पिल्लांना फुप्फुसाचा आजार होतो. लाकडाचा बारीक भुसा पिल्ले दाणा समजून खातात. गादीवर पहिले तीन-चार दिवस वर्तमानपत्र अंथरून त्यावर भरडलेला मका शिंपडला की दाणा कुठे आहे ते त्यांना कळते. गुळगुळीत, चकचकीत कागद मात्र नको, पाय फाकतात.

तापमान पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस आणि पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी, हा ठरलेला नियम. ढोबळ मानाने एका पिल्लामागे १ ते २ वॅट धरतात; ५० पिल्लांना थोडे जास्तीचे धरून ६० वॅटचे दोन पिवळे बल्ब जमिनीपासून सव्वा-दीड फुटावर टांगावेत. एक नाही, दोन. एक रात्रीतून गेला तर दुसरा असतो. इथे एक नवी अडचण आली आहे. घरोघर एलईडी दिवे आल्यापासून तारेचा जुना बल्ब गावच्या दुकानात मिळेनासा झाला, आणि एलईडी लावून पिल्ले गारठल्याचे प्रकार घडतात. एलईडी उजेड देतो, ऊब जवळजवळ नाहीच. जुने बल्ब आधीच शोधून ठेवावेत, किंवा उबेचा लाल इन्फ्रारेड दिवा आणावा. २५० वॅटचा एक दिवा दोनशेहून जास्त पिल्लांना पुरतो, त्यामुळे थोड्या पिल्लांसाठी तो बराच उंच टांगावा लागतो.

थर्मामीटर नसला तरी पिल्लेच सांगतात. सगळीकडे सारखी पसरून टिपत असतील तर ऊब बरोबर आहे. दिव्याखाली गठ्ठा करून किंचाळत असतील तर थंडी वाजते आहे. दिवा खाली घ्यावा. कड्याच्या भिंतीला चिकटून, चोच उघडून धापा टाकत असतील तर दिवा वर. सगळी एकाच बाजूला जमली असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येतो आहे, तो शोधून तिथे पोते लावावे. रात्री दहाला आणि पहाटे चारला एकदा डोकावणे पहिल्या आठवड्यात टाळू नये. वीज गेली तर शेगडी पेटवण्याचा मोह होतो. निखारे पेटून धूर पूर्ण गेल्यावर, वर मातीचे मडके पालथे घालून आणि हवा खेळती ठेवूनच ती ठेवावी. बंद खोलीतल्या कोळशाचा वायू पिल्लांना आणि शेजारी झोपलेल्या माणसालाही मारतो. त्यापेक्षा गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवणे आणि वरून पोते टाकणे जास्त सुरक्षित.

पहिले पाणी गुळाचे द्यावे, लिटरला ५० ते ८० ग्रॅम गूळ. दोन-चार पिल्लांची चोच पाण्यात बुडवून दाखवली की बाकीची पाहून शिकतात. गुळाचे पाणी पहिल्या दिवसापुरतेच. पुढे तेच चालू ठेवले तर भांडे चिकट होते, माश्या येतात. पाण्याचे भांडे उथळ असावे किंवा त्यात गारगोट्या टाकाव्यात, नाहीतर पिल्ले भिजतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही पिल्लांच्या गुदद्वाराला विष्ठा वाळून चिकटते. ती ओढून काढू नये. कोमट पाण्यात कापूस भिजवून पुसून काढावी आणि ऊब तपासावी, कारण हे बहुधा तापमान बिघडल्याचे लक्षण असते.

दाणा : इथल्या तीन चुका

आठ आठवड्यांपर्यंत पिल्लाला २० टक्के प्रथिने असलेले चिक स्टार्टर लागते. तेवढ्या काळात एक पिल्लू साधारण दोन किलो खाते, म्हणजे ५० पिल्लांना क्विंटलभर. घरी मिश्रण करायचे तर भरडलेला मका ५५ किलो, तेल काढलेली सोयाबीन पेंड ३०, तांदळाचे पॉलिश १२ आणि उरलेले तीन किलो खनिज मिश्रण, जीवनसत्त्वे आणि अगदी थोडे मीठ, असे धरतात. आठ आठवड्यांनंतर १६ टक्के प्रथिनांचे ग्रोवर आणि अंड्यावर आल्यावर साडेतीन टक्क्यांपर्यंत कॅल्शियम असलेले लेयर खाद्य. अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य लहान पिल्लांना घालू नये. त्यातला जास्तीचा चुना त्यांच्या मूत्रपिंडांवर येतो.

या भागात सगळे काही शेतात पिकते, म्हणून चुकाही शेतातूनच येतात. शेजारचा छिंदवाडा मक्यासाठी नावाजलेला, आणि पावसात भिजून काळा पडलेला मका कोंबड्यांना चालतो अशी सार्वत्रिक समजूत. तसल्या मक्यात बुरशीचे अफ्लाटॉक्सिन असू शकते आणि ते पिल्लाचे यकृत खाते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्षी मोठ्या संख्येने अचानक मेले तेव्हा बुरशी लागलेल्या भुईमूग पेंडीतून या विषाचा शोध लागला. मका वाळवून, दाताखाली कट्‌कन फुटेल इतका कोरडा करून मगच साठवावा. दुसरी चूक कच्च्या सोयाबीनची. घरचे सोयाबीन आहे म्हणून ते दळून तसेच घातले जाते. कच्च्या दाण्यात प्रथिने पचू न देणारे द्रव्य असते. भाजल्याशिवाय ते नष्ट होत नाही. तिसरी सरकीच्या पेंडीची. म्हशीला मानवते ती पेंड कोंबडीला मानवत नाही. तिच्यातल्या गॉसिपॉलने पिल्लांची वाढ खुंटते आणि कोंबडीच्या अंड्याचा बलक साठवणीत हिरवट-तपकिरी होतो. असे अंडे एकदा गिऱ्हाइकाच्या घरी फुटले की ते गिऱ्हाईक परत येत नाही.

खाद्याची भांडी पुरेशी आहेत की नाही ते दाणा टाकल्यावर पाहावे: सगळ्या पिल्लांना एकाच वेळी तोंड घालता आले पाहिजे. सुरुवातीला पिल्लामागे एक इंच, दोन महिन्यांनंतर तीन इंच आणि मोठ्या कोंबडीला चार-पाच इंच कड लागते. जागा आणि दाणा दोन्ही भरपूर असूनही काही पिल्ले खुरटतात, ती याच कारणाने.

लसी

मानमोडी, म्हणजे रानीखेत, गावात शिरली की आठवड्यात खुराडे रिकामे करते आणि तिच्यावर औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीच्या लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, बाराव्या ते चौदाव्या दिवशी गंबोरोची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात मानमोडीचीच आर-टू-बी लस टोचून, हा सर्वसाधारण क्रम. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून त्यात थोडा फेरफार होऊ शकतो.

लहान पालकाची खरी अडचण वेगळीच असते. लसीची कुपी १०० किंवा त्याहून जास्त मात्रांची असते, मिसळल्यावर ती तास-दोन तासांत वापरावी लागते आणि घरी पिल्ले असतात ५०. म्हणून बरेच जण लसच टाळतात. गल्लीतल्या तीन-चार घरांनी पिल्ले एकाच आठवड्यात आणली आणि एका सकाळी मिळून लस दिली तर कुपी वाया जात नाही. दुकानापासून घरापर्यंत ती बर्फाच्या थर्मासमध्ये, २ ते ८ अंशांत आली पाहिजे. खिशातून उन्हात आणलेली लस म्हणजे नुसते पाणी. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचे क्लोरीनचे पाणी नको, विहिरीचे घ्यावे, आणि त्यात लिटरला पाच-सहा ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळावी.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवण डोके वर काढते. तिचे जंतू ओल्या गादीत वाढतात, तेव्हा लढाई गादीशी. पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली गादी रोज काढून कोरडी टाकावी, बाकीची आठवड्यातून दोनदा फावड्याने उलथावी, फार दमट झाली तर थोडा विझलेला चुना मिसळावा. विष्ठेत रक्त दिसले की वाट न पाहता पशुवैद्यकाकडून अँप्रोलियमसारखे औषध आणावे. सकाळी खाली वाकून नाक पिल्लांच्या उंचीवर नेल्यावर डोळे चुरचुरले तर अमोनिया साठला आहे. उभ्या माणसाला तो वास लागत नाही, पिल्ले रात्रभर त्यातच असतात.

कायमचा खुराडा

लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन आत शिरत नाही. पश्चिमेची भिंत पूर्ण बांधलेली. दुपारच्या झळा तिकडूनच येतात. उत्तर-दक्षिण बाजूंना एक-दीड फूट विटांची भिंत आणि वर जाळी. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी मुरते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यामुळे जोते मुरुम भरून फूट-दीड फूट उंच घ्यावे. छपराला शक्य तिथे कवेलू. पत्रा घालायचाच तर त्यावर तुराट्यांचा किंवा पळसाच्या फांद्यांचा जाड थर आणि एप्रिलमध्ये चुन्याचा हात. छपराचे टोक भिंतीबाहेर तीन फूट आले पाहिजे, नाहीतर पहिल्याच वादळी पावसात गादी भिजते.

दहा फूट बाय दहा फुटांची एक खोली ५० पक्ष्यांना पुरते. कळप वाढवायचा विचार असेल तर एकच मोठे दालन बांधण्यापेक्षा अशाच खोल्या एका ओळीत पुढे वाढवत जाणे शहाणपणाचे. पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी तिला लागून दुसरी. पूर्वेकडची बाजू मुद्दाम मोकळी सोडायची आणि तिथली भिंत जाळीची ठेवायची, म्हणजे तोडफोड न करता खोली जोडता येते.

जाळीत कसर करू नये. षट्कोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावावी आणि ती फूटभर जमिनीत पुरावी. धामण, रानमांजर, घूस या सगळ्यांचा रस्ता जमिनीलगतच असतो. दिवसा घार आणि शिक्रा पिल्ले उचलतात; बाहेरच्या कुंपणावर जुने मासेमारीचे जाळे ताणले तरी पुरते. कुंपणातली जागा पक्ष्यामागे आठ-दहा चौरस फूट असावी. संत्र्याच्या जुन्या बागेत कोंबड्या फिरल्या तर किडे टिपतात आणि गवत कमी करतात, पण नव्या लागवडीत सोडू नयेत. आळी उकरून त्या कोवळ्या मुळ्या उघड्या पाडतात.

पाचव्या आठवड्यापासून बसायला बांबूच्या दांड्या द्याव्यात. दीड-दोन इंच जाडीच्या, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, पक्ष्यामागे सहा ते आठ इंच. भारी जातींना दांडी खालीच ठेवावी, उंचावरून उडी मारून त्यांच्या तळव्याला गाठ येते. पाच कोंबड्यांमागे फूट बाय फुटाची एक अंड्याची पेटी, कोपऱ्यात, अंधारात. तलंगा अठरा आठवड्यांच्या झाल्या की लगेच ठेवावी. पहिले अंडे जमिनीवर घातले की तीच सवय लागते आणि मग अंडी फोडून खाण्याची खोडही. पिसे उपटणे सुरू झाले तर चोची कापण्याआधी जागा, उजेड, मीठ आणि प्रथिने या क्रमाने पाहावे. जखमी पक्षी त्याच क्षणी वेगळा काढून जखमेवर जेंशन व्हायोलेट लावावे, कारण रक्त दिसले की बाकीच्या कोंबड्या थांबत नाहीत.

उन्हाळ्यात दाणा पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्यावा, मधल्या वेळात भांडी उचलावीत. पचनाची उष्णता दुपारच्या उकाड्यात भर घालते. एरवी दाण्याच्या दुप्पट पाणी लागते, मे महिन्यात ते चौपटीच्या घरात जाते, म्हणून भांडी दुप्पट करावीत आणि माठातले पाणी दोनदा बदलावे. दक्षिणेच्या जाळीला ओली पोती बांधावीत. हाच उपाय जुलैच्या दमट हवेत केला तर उलटतो.

दुसरी खेप

नवी पिल्ले जुन्या कोंबड्यांत कधीही मिसळू नयेत. मोठी कोंबडी आजारी न दिसताही जंतू बाळगते. पिल्लांची खोली वेगळी आणि शक्य तितकी दूर असावी. रोजचे काम आधी पिल्लांकडे, मग मोठ्यांकडे, आणि चपला दोन्हीकडच्या निराळ्या. तलंगा बारा-चौदा आठवड्यांच्या, लसी पूर्ण झालेल्या आणि अंगाने जुन्यांच्या जवळ आलेल्या असल्या की मधे जाळी ठेवून आठवडाभर एकमेकींना दिसू द्यावे आणि मग संध्याकाळी अंधार पडल्यावर एकत्र सोडावे. एकट-दुकट तलंग सोडू नये, पाच-सहा एकदम सोडाव्यात.

बाजारातून परत आलेला, न विकला गेलेला कोंबडाही नवा पक्षी समजून तीन आठवडे वेगळा ठेवावा. याबाबतीत या पट्ट्याला ढिलाई परवडणारी नाही. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात बर्ड फ्लूने तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि २०२५ च्या सुरुवातीला छिंदवाडा शहरात पाळीव मांजरांत तोच विषाणू सापडला. सौंसर या दोन शहरांच्या मधल्या रस्त्यावर आहे आणि पिल्ले, खाद्य, विक्रीचे पक्षी याच रस्त्याने ये-जा करतात. एका दिवसात अनेक कोंबड्या मेल्या, तुरा निळसर पडला, डोके सुजले तर मेलेले पक्षी नदीत टाकू नयेत, कुत्र्यामांजरांच्या तोंडी पडू देऊ नयेत आणि विकूही नयेत. उघड्या हातांनी न हाताळता लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. अशा नमुन्यांची तपासणी भोपाळच्या उच्चसुरक्षा पशुरोग संस्थेत होते.

एक खेप संपली की गादी पूर्ण काढावी, जमीन धुऊन वाळवावी, भिंतींना चुना लावावा आणि खोली दोन आठवडे रिकामी राहू द्यावी. काढलेली गादी लगेच संत्र्याच्या आळ्यात घालू नये. ताज्या कोंबडखताची उष्णता आणि तिखट नत्र मुळ्यांना पोळते. बागेच्या कडेला ढीग घालून, ओलावा राखून, अधूनमधून उलथून ती तीन-चार महिने कुजवावी. सप्टेंबरच्या खेपेची गादी मार्चमध्ये निघाली तर मृगाच्या पावसाआधी ते खत आळ्यांत घालण्याजोगे होते.